शाहूपुरी, जिन्याखालचं दुकान

शिकलगार मामांनी पहिल्या दिवशी
हातात काहीच दिलं नाही.
म्हणाले, "आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव.
अंगातली वीज तिथं सोड, मग आत ये."
उंबऱ्याबाहेर चपला सोडाव्यात, तितक्या सहज.

त्यांचे आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे.
मामा रॅमला खोडरबर लावतात,
शाळेतलंच, वासाचं.
पिवळे दात घासून उजळले
की निम्मी गिऱ्हाइकं तिथंच बरी होतात.
"पण लगेच सांगायचं नाही.
चहा सांग, पंखा लाव.
लोकांना आजार मोठा लागतोय."

मार्केट यार्डातनं गुळाच्या अडत्याचं मशीन आलं.
"मेकॅनिक कुठाय?"
"मीच बघतो," म्हणाले. आमच्याकडं पोरीही असंच बोलतात.
त्यानं मामांकडं बघितलं. मामांनी पेपराकडं.
झाकण काढलं तर पंख्याखाली
धूळ आणि गूळ मिळून काकवी झालेली,
आणि मदरबोर्डवर मुंग्या,
सर्किटच्या रेघेरेघेनं, एकही आडवी नाही.
पुस्तकात तीनदा वाचून कळलं नव्हतं
ते मला मुंग्यांनी दाखवलं.

ब्रश, स्पिरिट, कापूस.
पडदा उजळला तर तारीख
एक जानेवारी दोन हजार दोन.
बारका सेल संपला की त्याला तेवढंच आठवतं.
सेल बदलला. आजचा वार-दिवस
मी एका बोटानं भरला,
दोनदा कॅलेंडर बघून.

मग दिवाळीच्या तोंडावर माझं पहिलं मशीन,
सुटे भाग, सगळं कोरं.
त्रिकोणाला त्रिकोण जुळवून प्रोसेसर.
"दाबायचा नाही. ठेवायचा. तो आपला आपण बसतो."
पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी.
बटण दाबलं.
पंखे फिरले, दिवा लागला,
पडदा काळा.
रॅम काढली, घातली. केबल काढली, घातली.
समोरच्या भेळवाल्यानं गाडी लावली,
कांदा चिरून झाला, गर्दी झाली, गर्दी पांगली.
मामा पेपर वाचत होते.
आणि वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरपाशी,
लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी
चार पिनांची एक वायर लोंबत होती.

लावली.

एकच बीप. बारीक.
"आलं," पेपरामागनं मामा म्हणाले
आणि दोन तासांनी पहिल्यांदा पान उलटलं.

शनिवारी हुपरीला घरी.
आप्पा घुंगरांना डाख देत बसलेले.
"तुझं ते कथील इकडं आणू नको, चांदी नासती."
ठाऊक होतं. मी पर्समधनं
एक मेलेली रॅम काढून पाटावर ठेवली.
"ह्याचे दात पिवळे कशानं?"
"सोनं आहे म्हणतात."
"म्हणतात?"
त्यांनी कसोटीचा दगड ओढला,
पट्टीची कड फासली,
तेजाबाचा थेंब सोडला,
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
आई जेवायला दोनदा हाक मारून गेली.
"हाय," म्हणाले. "पण वाफेएवढं."

आणि परत देताना
गिऱ्हाइकाला पैंजण देतात तशी
गुलाबी कागदात घडी घालून दिली.