मूठ

डंडीला, टे नदीच्या काठी, तागाच्या जुन्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
गालिच्यावर चिकटपट्टीची फुली:
इथे उभं राहायचं, टीव्हीपासून आठ पावलं.
मनगटाला दोरी, हातात पांढरी मूठ.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
ही चाळीस पौंडांची.
गेमला नाव नव्हतं अजून. त्यात कापड विणायचं होतं.
हात डावीकडून उजवीकडे फेकला
की पडद्यावर धोटा धावे.

शाळेतली मुलं आली.
दहा मिनिटं अंग मोडून खेळली, घामेजली.
अकराव्या मिनिटाला एकाला शोध लागला:
सोफ्यावर लोळत, दुसऱ्या हातात ब्रायडी,
नुसतं मनगट झटकलं तरी धोटा पळतो.
मग सगळेच लोळले. गुण तेवढेच पडले.
ड्यूगल म्हणाला, कोड बरोबर आहे.
कोड बरोबरच होता.
चिपला झटका कळतो.
झटक्यामागे खांदा होता की आळस,
ते तिला कोण सांगणार?

मी आकडे बदलत राहिले, तीन आठवडे.
मर्यादा वाढवली तर धाकट्यांचे हात भरून येत,
घटवली तर खोकल्यानंही वीतभर कापड विणलं जाई.

मग ड्यूगलनं शेजारच्या बाईंना आणलं.
एफी गीकी, वय एक्याऐंशी,
चौदाव्या वर्षी याच गिरणीत लागलेल्या.
'बहुतेक याच खिडकीशी,' म्हणाल्या,
'पण तेव्हा नदी दिसत नसे. काचेवर तागाची पूड.'
ऐकू कमी येई. ते मागांनी नेलेलं.

मी दोरी बांधली, म्हटलं, फेका.
त्यांनी पडदा पाहिला, मूठ पाहिली.
'धोटा कुणी फेकत नाही गं.
तो यंत्र फेकतं.
आपण धागा तुटायची वाट बघत उभं राहायचं.'

तीन आठवडे
एका टाक्यात उसवले.

'मग हात काय करायचे?' मी ओरडून विचारलं.
'हात? बोलायचे.'
आणि बोलून दाखवायला गेल्या,
तर बोटं मुठीभोवती मिटलेली,
अंगठा बटणावर अडकलेला.
'बोळा कोंबलाय तोंडात,' म्हणाल्या,
दोरी काढली, आणि सोडून दिली मूठ.

दोन बोटं खांद्यावर: मुकादम आला.
करंगळीचा आकडा: हिचं जमलंय.
पालथा तळवा पोटाशी, मग ओठांवर:
तिला दिवस गेलेत, कुठे बोलू नकोस.
दीडशे मागांच्या गडगडाटातून
पलीकडच्या रांगेपर्यंत
कुजबुज पोचवणारे हात.
ड्यूगल रेकॉर्डिंग चालू करायला विसरला.
किंवा केलं नाही त्यानं. मी विचारलं नाही.

रात्री मुठीची नोंद उघडून बसले.
टेबलावर निवांत पडून असते तेव्हाही
तिची रेघ वर चढलेली असते:
टेबल तिला खालून पेलून धरतं, ते तिला जाणवतं.
रेघ शून्यावर आलेली एकदाच,
दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी,
अर्ध्या सेकंदाहून थोडी कमी.
हातातून गालिच्यापर्यंत.
पडताना तिला कुणाचाच भार नव्हता.
मी ती जागा मोठी करून पाहत राहिले,
गिरणीत हीटर बंद होईतो.

गेम निघाला.
त्यात धागा तुटेपर्यंत हात हलवायचा नसतो.
हलला, की कापड डागाळतं.
लोळणाऱ्यांनी सुरुवातीला बाजी मारली,
मग कंटाळले.
खप बेताचा.
एफीबाईंना एक प्रत दिली. त्यांच्याकडे
ते लावायला यंत्र नव्हतं. त्यांनी डबा कपाटात ठेवला,
आतल्या पुस्तिकेतलं कापड कुठलं, ते विचारलं.

परवा नेदरगेटला दिसल्या, पलीकडच्या फुटपाथवर.
मला पाहून काहीतरी म्हणाल्या, बोटांनी,
दोन वाक्यं असावीत, दुसरं थट्टेचं.
मध्ये बस आली.
माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.