उघाडी

साडेपाचला पेझारीच्या नाक्यावर तो उभा,
हातात पांढरा डबा, आत जिवंत कोलंबी.
"मी हिराजी थळे. पैशे आदी, चाय नंतर."
दोन हजार दिले. त्यानं मोजले नाहीत,
ओल्या बोटांनी शर्टाच्या खिशात कोंबले.

बांधावरून तो पुढं, मी मागं.
खारेपाटाची माती चपलेला घट्ट धरून ठेवणारी,
आणि दोन्ही बाजूंना शेतं, माझ्या ओळखीची,
पण फक्त गट नंबरांनी.
हे मी त्याला सांगितलं नाही.

तळं पाऊण एकराचं. कोपऱ्यात उघाडी,
तिच्या फळ्या शेवाळानं काळ्या पडलेल्या.
"पावसाल्यात खारीतनं जिताड्याचा बी यतं, बोटभर.
फली वर करायची, पानी आत घ्यायचा, फली खाली.
मंग त्याचा तो वारतो. तीन वरसं, चार वरसं."
"खातो काय?"
"तल्यात जो बारीक हाय, त्याला."

त्यानं रॉड दिला, मग माझं मनगट धरलं
जसं पाटीवर गिरवताना मूठ धरतात.
"खांदा नको. मनगट.
आनी टाकल्याव गप ऱ्हावा."
पहिला गळ माझ्याच टोपीत.
दुसरा भेंडीच्या झाडात.
तिसरा नीट पडला, पाण्यानं दखल घेतली नाही.

नऊ वाजले. दहा. ऊन बांधावरून उतरून पाण्यात आलं.
खंड्यानं समोरून दोनदा मासा नेला,
एक पैसा न देता.
"ह्यो आदी नर असतो," हिराजी म्हणाला,
"मोठा झाला का मादी व्हतो. म्हनून मोठी सोराची.
खारा पानी चालतं, गोरा चालतं.
कोंडाल तिथं ऱ्हातो."
मी हसलो. छत्तीस वर्षांची नोकरी
इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती.

दुपारी भेंडीच्या सावलीत तांदळाची भाकरी, सुकट.
"आमचा बापूस शिमग्याच्या आदी
सगल्यात मोठा काराचा, पोत्यात गुंडालाचा,
यस्टीनं तालुक्याला न्याचा. साहेबाला.
सात-बाऱ्याव नाव चरवाचा व्हता.
सात वरसं नेला."
"मग चढलं?"
"चरला ना. बापूस गेल्याव."

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्याचा पुन्हा मोडला.
माणूस आठवेना. पोतं आठवलं,
टेबलाच्या पायाशी, सुतळीनं बांधलेलं,
फरशीवर त्याचा ओला डाग.
असली पोती किती आली.
मी साहेब नव्हतो, साहेबाच्या खालचा.
डोकं साहेबाकडं जायचं, चव सगळी डोक्यात;
मला शेपटीकडचा भाग.
वासंती तो चिंचेत करायची.
आम्ही काटेसुद्धा चोखून ठेवायचो ताटाच्या कडेला.

साडेतीनला दोर ताणला गेला.
आधी वाटलं, तळाशी कशात अडकला.
मग जे अडकलं होतं ते चालू लागलं.
"सोरा, सोरा, दोर सोरा! आता घ्या. हलू. साहेब, हलू!"
साहेब तो सकाळपासून म्हणत होता,
मला तेव्हाच ऐकू आलं.

साडेचार किलो. पाठ राखाडी, पोट चांदीचं,
डोळ्यात लालसर काहीतरी पेटलेलं.
मादी. हिराजीनं फोटो काढला.
मग मी गुडघाभर पाण्यात, दोन्ही हात तिच्या पोटाखाली,
ती कल्ले उघडत, मिटत,
आणि माझ्या तळहातांवर ते वजन,
जे मी आजवर फक्त ताटात पाहिलं होतं.
मी सोडली नाही. तीच गेली,
जाताना शेपटीनं तोंडावर पाणी मारून.

निघताना डबा विसळत त्यानं विचारलं,
"साहेब कामाला कुठं व्हते?"
"तालुक्याला," मी म्हणालो. "हापिसात."
त्यानं डबा पालथा घातला. थेंब संपेपर्यंत धरून ठेवला.
"भरती आली," म्हणाला. "फलीला हात लावता का?"

फळी फुगलेली होती, दोघांनाही जड.
खाडी आत आली, आधी फेस, मग काडीकचरा,
मग बोटभर काहीतरी,
किंवा नुसतं पाणीच असेल.