खतवाल्याचं झाड

फैजपूरला बसस्टँडसमोर माझं दुकान.
युरिया, पोटॅश, सुपर फॉस्फेट.
सत्तावीस वर्षं केळीवाल्यांना एकच सांगत आलो:
आधी झाडाचं पोट भरा, मग घडाचं वजन विचारा.

त्याच हातानं अंगणात बॉटलब्रश लावला,
पालच्या रोपवाटिकेतून आणलेला, गुडघ्याएवढा.
पहिल्याच महिन्यात दोन ओंजळी सुपर टाकलं,
घरचंच होतं.
पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशातल्या नद्यांसारख्या.
मी म्हटलं, भुकेलं दिसतंय.
अजून टाकलं.

दुसरं रोप देताना गुमान पावरानं
माझ्या खिशातलं पावतीपुस्तक पाहिलं.
"सेठ, हे ऑस्ट्रेलियाचं झाड. तिथली माती लई म्हातारी,
तिच्यात काही उरलेलंच नाही.
थोडक्यात भागवायची सवय आहे याला.
काही सुचलं नाही तर काहीच देऊ नका."

काहीच न देणं मला जमेना.
काळ्या मातीत तापीची रेती कालवून उंचवटा केला,
बुडाशी पालापाचोळा, आठवड्याला दोन बादल्या,
आणि संध्याकाळी नुसता जाऊन उभा राहायचो
हात पाठीमागे धरून.

मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री.
बांधापलीकडे केळीच्या पानांच्या चिंध्या.
हे आपलं उभं, मला न विचारता.

तिसऱ्या फाल्गुनात लाल झालं.
रत्नप्रभा म्हणाली, "बरण्या धुवायला बरे आहेत,"
आणि दिवसभर खिडकीतून हलली नाही;
एक शिंजीर उलटा लटकून मध पीत होता.

फूल झडतं तिथं याची फांदी संपत नाही,
फुलाच्या शेंड्यातूनच पुढे निघते.
मागे लाकडाला चिकटून बोंडं राहतात,
घट्ट, वर्षानुवर्षं मिटलेली.
फांदी मेली की उघडतात, गुमान सांगतो.
म्हणून बहर सरला की लगेच शेंडे छाटतो.
एक फांदी तेवढी सोडतो,
तिच्यावर चार वर्षं मोजता येतात.

काल सावद्याचा एक पोरगा
पिवळं पान रुमालात गुंडाळून घेऊन आला.
सवयीनं हात पोत्याकडे गेला,
मधेच थांबला.
विचारलं, "आजवर काय काय घातलंयस?"

यादी बरीच लांब होती.
मी त्याच्याकडे स्टूल सरकवलं.