मेणातला चौथा तंतू

शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवते मी तिला.
अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, मुठीत मावेल न मावेल असा,
पोटात मेण, मेणात पुरलेले सहा तंतू,
पाच जागी चिमूटभर ठिपके,
आणि पाच गाठी, एकीपेक्षा एक बारीक होत गेलेल्या.
दाबलेल्या स्तनाची ही सरकारमान्य नक्कल
अर्धं नॉर्थ डाकोटा हिंडते माझ्याबरोबर.
तिच्यात सगळं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.
प्रश्न एवढाच, की तुमच्या यंत्राला दिसतं का.

एल्डन फोर्क. धान्याचं कोठार, एक पेट्रोल पंप,
नोव्हेंबरचा वारा, कॅनडातून निघालेला,
वाटेत कुठेही न टेकलेला.
मार्लिस हॉफने खसखशीचा कूखन केलाय.
मी नको म्हणते. नियमात कॉफीसुद्धा बसत नाही.
गेल्या वर्षीही नको म्हटलं होतं. तिने तरी केलाय.

भिंतीवर प्रमाणपत्र, येणारीला दिसेल अशा उंचीवर: ठीक.
मार्लिसच्या शिक्षणाचे तास: ठीक.
दाबणाऱ्या पट्टीचा जोर: ठीक.
मग ठोकळा यंत्रावर, मग फिल्म अंधाऱ्या खोलीत,
मग उजेडाच्या पेटीवर ती, आणि माझं भिंग.

गाठी तीन. चालतील.
ठिपके तीन. चालतील.
तंतू एक, दोन, तीन,
आणि चौथा...
अर्धा दिसला तर अर्धा गुण, असं लिहिलंय.
हवेत चार.

इथे डोळा लबाडी करतो.
त्याला ठाऊक असतं चौथा कुठे आहे, कसा तिरका पडलाय,
त्याच्याकडे बघत राहिलं की तो हळूहळू उगवायला लागतो.
म्हणून मी दुसऱ्यांदा बघत नाही.
बाईच्या छातीत कुठे बघायचं
हे आधी कोणी सांगून ठेवलेलं नसतं.

साडेतीन, मी लिहिते.

मार्लिस म्हणते, पुढचं यंत्र एकशे दहा मैलांवर.
म्हणते, बर्फ पडला की इथल्या बायका जात नाहीत,
वसंतात जाऊ म्हणतात, मग पेरणी येते.
खरं बोलते ती. माझ्या कागदावर
या खऱ्याला रकाना नाही.

माझी बहीण रोबर्टा, तेव्हा नियमच नव्हते.
फिल्म म्हणजे धुकं, त्याखाली टंकलेलं: सर्व ठीक.
असे दोन कागद आहेत माझ्याकडे. दोन्ही नीट घडी घातलेले.
हे मी मार्लिसला सांगत नाही.

फिल्म धुणाऱ्या यंत्राचा आकडा पंच्याण्णव दाखवतो.
मी माझा थर्मामीटर रसायनात बुडवते. ब्याण्णव.
तीन अंश.
तीन अंशांत एक तंतू बुडाला होता,
आणि आकडा आपला सभ्यपणे पंच्याण्णवच म्हणत होता.

कधीपासून?
मार्लिस वही काढते, रोजच्या नोंदींवर बोट फिरवते,
एका मंगळवारी बोट थांबतं.
तिथून आजपर्यंत सतरा नावं.

कोणी म्हणतं, नापास करायला छाती लागते.
नाही हो. भिंग लागतं, थर्मामीटर लागतो.
छाती लागते ती सतरा वेळा फोन उचलायला,
आणि "काही निघालेलं नाही,
फक्त पुन्हा एकदा या" हे वाक्य
सतराव्या वेळीही पहिल्यासारखं म्हणायला.

तीन वाजताची बाई येऊन बसली होती, कोट न काढता.
मार्लिसने तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.
ती उठली, पर्स उघडली, मिटली,
आणि दारातल्या पायपुसण्यावर बूट पुसून
बाहेर गेली. आत येताना पुसतात तसे.

मी सही केली, तारीख घातली.
निघताना पाहिलं, मार्लिस कानाशी फोन धरून उभी,
पलीकडे कोणी उचलत नव्हतं,
आणि दुसऱ्या हाताने ती कूखन खात होती,
ताटलीही न घेता, कडेपासून तोडून.

ठोकळ्याला पट्टा लावला.
पेट्रोल पंपापाशी ती बाई दिसली, गाडीत बसलेली,
इंजिन चालू, तोंड कुठल्या रस्त्याला करावं
हे अजून ठरलेलं नव्हतं.