आसगंध

जळकोटच्या वरच्या अंगाला दीड एकर मुरमाड,
त्यात आसगंध.
अर्ध्या वाफ्यांना युरिया, मूठ-मूठ, पांढराशुभ्र.
अर्ध्यांना गांडूळखत,
चहाच्या चोथ्यासारखं, तळहाताला न चिकटणारं.

दसऱ्यापर्यंत युरियाच पुढं.
पानं इतकी हिरवी की लांबून काळी दिसावीत.
बांधावरून जाता-येता व्यंकट मुसळे विचारायचा,
"खताकडची उपाशी ठेवलीस का रे?"
ती गुडघ्याखालीच होती अजून,
दुपारी मान टाकायची,
दिवस कलला की आपली आपण सरळ.

माघात उकरायला घेतलं.
युरियाची मुळी लांब,
पण मोडायला गेलं की वाकायची,
आत नुसता दोरा, पाण्यानं फुगलेला.
खताची करंगळीएवढी.
मोडली, तर कट्.
आत खडू.

इथवर डोळ्यांनी कळलं, बोटांनी कळलं.
पुढचं मला कळत नाही.
तीन वर्षांमागच्या तापात माझा वास गेला,
तेव्हापासून शेण, फोडणी, बायकोच्या केसातलं तेल
सगळं एकाच रंगाचं.
आणि पीक कुठलं लावलं, तर ज्याच्या नावातच गंध.

मग शेजारच्या शिवकन्याला बोलावलं, वय आठ.
दोन ढीग मांडले. कुठला कशाचा, बोललो नाही.
पहिल्यावर वाकली. "माती," म्हणाली.
दुसऱ्यावर वाकली,
उठली,
परत वाकली.
"माळेगावच्या जत्रंत आज्यानं खांद्यावर घेऊन
घोड्यांमधून नेलं होतं ना, तसं."
फ्रॉकला नाक पुसलं,
चार पावलं गेली आणि वळून म्हणाली,
"पण घोडा भिजलेला हाय."

लातूरच्या आडतीत जिलानीशेठनं
मुळी कानाशी धरून मोडली,
डोळे मिटून आवाज ऐकला.
किलोमागं बावीस रुपये जास्त दिले.
वजन मात्र युरियाचंच भारी भरलं,
हिशोब जेमतेम बरोबरीत सुटला.
व्यंकटला हे सांगितलं नाही.

संध्याकाळी गोणपाट उचलून
खताच्या वाफ्यात हात खुपसला, मनगटापर्यंत.
गार.
बोटांच्या मधून ती सावकाश गेली,
एक, मग एक,
कुठं खायचं, कुठं वळायचं सगळं ठाऊक असल्यासारखी.

कृषी सहायक एकदा म्हणाला होता,
गांडुळाला नाक नसतं.