डोळ्यांत तेल

नुकुआलोफाच्या दवाखान्यात, चार नंबरच्या खाटेवर
लुसेआने झोपलेली नाही,
झोपवलेली आहे.
पायाची जखम रक्तात उतरली;
साखर मोजायला गेले तर यंत्रावर आकडा नाही,
नुसतंच 'हाय'.

पापण्या पुरत्या मिटत नाहीत तिच्या.
सूज, गुंगीचं औषध. खाली फट उरते,
नखाच्या कोरेएवढी, पांढरी.
श्वासाला गजर आहे,
लघवीच्या थेंबाथेंबाला वही आहे,
फटीला काही नाही.
फटीला मी आहे.

डोळ्यांत तेल घालून जागावं म्हणतात.
मी तिच्या डोळ्यांत घालते, जागते मी.
दर चार तासांनी मलमाची रेघ,
दोन बोटांनी पापणी खाली, वर चिकटपट्टी.
"दार लावते हं," सांगते तिला.
ऐकत असेल, नसेल.

बाहेर तिची लेक मेलेनाइते, आईनेच विणलेल्या चटईवर.
केवड्याची पात उकळून, समुद्रात भिजवून,
दोऱ्याइतकी बारीक चिरलेली.
"जगेल ना?" रोज विचारते.
"बघेल ना?" हे तिला सुचत नाही,
आणि मी सुचवत नाही.

मंगळवारी रात्री दोनला
सात नंबरच्या म्हाताऱ्याचं काळीज थांबलं.
आम्ही तिघी पाळीपाळीने त्याच्या छातीवर.
तो वाचला.
मान वर केली तेव्हा उजाडलं होतं
आणि चिकटपट्टी तिच्या गालावर लोंबत होती.

बॅटरीच्या उजेडात उजव्या बुबुळावर
तांदळाच्या कणीएवढा ठिपका.
दोन दिवसांत तो कणी राहिला नाही.

डॉक्टरांनी डावा डोळाही उघडून पाहिला.
आत जुनं रक्त साकळलेलं,
पडदा साखरेनं केव्हाच कुरतडलेला.
"मग ही चटई?" मी विचारलं.
मेलेनाइते बराच वेळ पात चाचपत राहिली.
"दोन वर्षं ती दिवा न लावताच विणायची.
आम्हाला वाटलं, वीज वाचवते."

नवव्या दिवशी घशातली नळी निघाली.
"सकाळ झाली का?"
अकरा वाजले होते,
ऊन थेट तिच्या तोंडावर.
"झाली," म्हणाले मी.

तिने माझी बोटं धरली, नाकाशी नेली,
मलमाचा वास घेतला.
"तूच ती, दार लावून जाणारी.
एका रात्री आली नव्हतीस."