बारा काड्या

एल्डोरेटच्या दूधसंघात मी लोकांच्या गाईंचं दूध तपासते.
त्या शनिवारी कॅप्सोवारला आईकडे गेले
ती पिशवीत बारा काड्या घेऊन,
टोकाला कापूस, निर्जंतुक,
एकेक वेगळ्या नळीत, नवरीच्या दागिन्यांसारखी.

आई म्हणाली, "आता माझ्या चुलीची झडती?"
पण सरकली बाजूला.

सुरीची मूठ.
पाण्याच्या पिंपाचं झाकण.
सुकुमा चिरायची फळी, मधोमध खोलगट झालेली,
ती रोज रात्री खडेमीठ आणि अर्ध्या लिंबाने घासते
आणि सकाळी उन्हाकडे तोंड करून उभी करते,
खोडकर पोराला करावं तशी.
भांडी पुसायचं फडकं.
दाराची कडी, कारण कडी कुणीच धूत नाही.

तुंबा मी शेवटी ठेवला.
तुंब्याचं तिचं वेगळं शास्त्र:
सेनेत्वेतची फांदी चुलीत लाल होऊ द्यायची,
ज्वाळ फुंकून टाकायची, निखारा राखायचा,
तो तुंब्याच्या पोटात फिरवायचा,
आतून चर्र, तोंडातून धूर,
मग लांब काडीच्या कुंच्याने तो कोळसा कुटत कुटत
अंधारातच सारवायचं,
डोळ्यांनी नाही, मनगटाने.
मग दूध. मग झाकण.
मग आठ दिवस त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.
दूध विरजतं निळसर, आंबट, धुराच्या चवीचं.

"अकरा झाल्या," मी म्हणाले.
तिने तळहात पुढे केला.
"इथे कोण कोण राहतं ते तरी कळू दे."

सदतीस अंशांवर दोन दिवस.

फळीच्या ताटलीत चार ठिपके,
सांडलेले तीळ.
कडीच्या ताटलीत पिवळे, चकचकीत, आगाऊ.
फडक्याच्या ताटलीत तर बाजार भरलेला,
एकमेकांच्या अंगावर चढलेले, मोजायची सोय नाही.
फोनवर आई म्हणाली, "वाटलंच.
चार दिवस ऊन कुठे होतं?"

तुंब्याच्या ताटलीत दुधाळ, गोल,
शिस्तीतली वस्ती.
काचेवर घेऊन भिंगाखाली पाहिलं:
बारीक काड्या, एकीला एक लागून.
आणि तळहाताच्या ताटलीतही, इतरांच्या गर्दीत,
तशाच काड्या.
म्हणजे आईच्या हाताला चव आहे म्हणतात
ते काही अगदीच खोटं नाही, मी हसत म्हणाले.

ती हसली नाही.

"किमायो गेला त्या वर्षी
कोण होतं गं माझ्या हातावर?"

किमायो अकरा महिन्यांचा होता.
तीन दिवस जुलाब, चौथ्या दिवशी नुसते डोळे.
तेव्हाही फळी उन्हात असायची.
तेव्हाही तुंब्यात निखारा फिरायचा,
लिंबू, मीठ, राख, सगळं होतं.
मी सहा वर्षांची होते. ओढ्याचं पाणी
मी आणायचे, पिवळ्या डब्यातून,
गुरं उतरायची त्याच्या खालच्या अंगाने,
कारण तिथे चढ कमी होता.

"हातावर नव्हतं, आई," मी म्हणाले. "पाण्यात असेल."
"तुला काय माहीत?"
"नाही माहीत."
ताटलीत फक्त आज उगवतं.
डब्याचं मी तेव्हाही बोलले नाही, आताही नाही.

पुढच्या शनिवारी काड्या नेल्या नाहीत.
मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं,
त्याच्या शेजारच्या चुलीवर फडकं उकळत होतं
आणि ती वाफेत उभी राहून मोजत होती
आमच्या जुन्या बोलीत, बोटांवर, कितीपर्यंत कोण जाणे.
मी फांदी पेटवली.
तुंबा मांडीवर घेऊन आतून काळा करत राहिले,
मनगट चुकत होतं, ती काही बोलली नाही.

निवलेलं पाणी तिने पिंपात ओतलं.
झाकण लावलं.
उचललं, वास घेतला, परत लावलं.
चुलीकडे वळली.
आणि परत आली, परत उचललं.